पोटुशीचं ताट

आमचं मंगरूळपीर १९९८पर्यंत अकोला जिल्ह्यात होतं, तेव्हाची ही गोष्ट. घरात सून पोटुशी आहे हे पुरुषमाणसांच्या आधी चुलीला कळायचं. भाकर ज्वारीचीच, पण तिच्या भाकरीवर जवसाची चटणी जरा जास्त पडायची. चिवळ, तरोटा, शेवगा; आणि अंबाडी तर हमखास लोखंडी कढईत. भाजी काळपट व्हायची. आंबटामुळे कढईतलं लोह भाजीत उतरतं, हे कुणाला ठाऊक होतं? कढईचा कान तुटला तर लोहाराकडून जोडून आणायचा, कढई टाकायची नाही, एवढं पक्कं ठाऊक होतं.

डोहाळे सगळ्या घरांत सारखेच. चिंच हवी, कवठ हवं, बोरं हवीत. कुणी भिंतीची, कुणी चुलीची माती गुपचूप जिभेवर ठेवायची. सासू रागवायची, जावा हसायच्या. ही ओढ पुष्कळदा अंगात लोह कमी असल्याची खूण असते, हे फार उशिरा समजलं. बाळाच्या मेंदूला लागणारं लोहही त्याच अंगातून जायचं.

डोहाळजेवण सातव्या महिन्यात : हिरवं लुगडं, फुलांची वाडी, ओटी. डिंकाचे, मेथीचे, अळिवाचे लाडू तर बाळंतपणानंतर. सगळं मायेनंच व्हायचं, पण उशिरा. ज्या नळीतून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू घडतो, ती गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. तेव्हा कित्येकींना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. त्या दिवसांत फोलेट हवं. ते पालेभाजीत होतं, मुगात होतं, हरभऱ्यात होतं. पण सगळ्यांची जेवणं उरकल्यावर तिच्या वाट्याला काय यायचं? टोपल्यात अर्धी भाकर, गंजाच्या तळाशी वरण. वर 'फार खाऊ नको, बाळ मोठं झालं तर अडशील' हा सल्ला. आजही हे आठवलं की जीव तुटतो.

अंगणवाडीची योजना देशात १९७५ साली सुरू झाली. पुढे लोहाच्या गोळ्या घरोघर आल्या. मळमळतं म्हणून किती गोळ्या कोनाड्यात पडून राहिल्या! आता पहिले तीन महिने फोलिक ॲसिड, मग रोज एक लोहाची गोळी, निदान १८० दिवस. आमच्याकडे तर फोलिक ॲसिड दिवस राहण्याआधीच सुरू होतं. चहानं गोळीतलं लोह अंगी लागत नाही, हे आता आजेसासूलाही पाठ आहे. कपबशी दिसली की ती स्वयंपाकघरातूनच ओरडते, "गोयीवर चहा पिऊ नोको वं माय, लिंबू पीय वरणात!"