बायाचे पुराण

चि. धाकटीस,


आजीच्या नव्वदीला घरचे पुस्तक काढायचे तू मनावर घेतलेस, फार बरे वाटले. पण नातेवाइकांनी पाठवलेला मजकूर एकाच साच्याचा असणार, हे ठाऊकच होते. आजीने खस्ता खाल्ल्या, सगळ्यांचे केले, कधी तक्रार केली नाही. तो मजकूर जरा बाजूला ठेव आणि 'माझे पुराण' मिळवून वाच.

हे आनंदीबाई कर्व्यांचे आत्मचरित्र. महर्षी कर्व्यांची पत्नी ही तिची ओळख जगाला, घरात मात्र ती बाया. जन्म १८६५ चा, मृत्यू १९५० मधला, म्हणजे पंच्याऐंशी वर्षांचे आयुष्य. माहेर देवरुखच्या जोश्यांचे, माहेरचे नाव गोदूबाई. आठव्या वर्षी लग्न झाले आणि तीनच महिन्यांत ती विधवा झाली. पुढे भाऊ नरहरपंत मुंबईत धोंडो केशव कर्व्यांबरोबर बिऱ्हाड करून राहत होते, तिथे ती आली. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी शारदा सदन काढले, त्यातली पहिली विधवा विद्यार्थिनी हीच. कोकणातली ही बाई विशी उलटल्यावर पाटी-पेन्सिल घेऊन बसली.

कर्व्यांची पहिली पत्नी राधाबाई १८९१ मध्ये गेली. पुन्हा लग्न केले तर विधवेशीच, असे त्यांनी ठरवले होते. गोदूबाईच्या वडिलांनीच आपल्या मुलीचे नाव सुचवले आणि ११ मार्च १८९३ ला पुण्यात लग्न झाले. कर्व्यांच्या गावी, मुरुडला, गावकऱ्यांनी बहिष्काराचा ठराव केला. कर्व्यांना घरात घेतले तर घरच्यांनाही वाळीत टाकू, अशी तंबीच होती. जरा डोळ्यांसमोर आण: मुलगा-सून गावी आले तरी आईने त्यांना आपल्या घरात उतरवून घ्यायचे नाही. कर्व्यांच्या आईला हा जाच सोसावा लागला, आणि बायाच्या संसाराची सुरुवात अशा सासरी झाली.

संसार हाती आला तेव्हा राधाबाईंचा रघुनाथ अकरा वर्षांचा होता. पुढे शंकर, दिनकर आणि भास्कर झाले. बाया नागपूरला जाऊन सुईणीचे काम शिकून आली. त्या काळी घर सोडून एवढ्या लांब शिकायला जाणे सोपे नव्हते, पण चार पैसे आपल्या हाताने मिळवता आले पाहिजेत, हे तिला फार लवकर कळले होते. का, ते पुढच्या हकिगतीवरून समजेल.

१८९६ मध्ये कर्व्यांनी, म्हणजे घरच्या अण्णांनी, विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. स्वतःच्या शिलकीतले एक हजार रुपये त्यांनी संस्थेला दिलेच, शिवाय पाच हजारांची आयुर्विम्याची पॉलिसीही देऊन टाकली. ती पॉलिसी म्हणजे अण्णांच्या माघारी बायका-मुलांना असलेला एवढा एकच आधार! बाया संतापली. मुलांचे पुढे काय, हा तिचा प्रश्न होता, आणि माझ्या मते तो अगदी रास्त होता. अण्णांचा त्याग मोठा, यात वादच नाही. पण त्या त्यागाची किंमत रोज, वाण्याच्या उधारीत आणि पोरांच्या कपड्यांत, कोण चुकती करत होते? आश्रम हिंगण्याच्या माळावर गेल्यावर अण्णा दिवसा फर्ग्युसनमध्ये शिकवत आणि मैलोगणती पायी हिंगण्याला जात. बाया पोरांना घेऊन पुण्यात घर चालवत होती. आश्रमाचा विधवाविवाहाशी संबंध लोकांना दिसू नये, याची अण्णा फार काळजी घेत, नाहीतर कुणी आपल्या लेकी तिथे पाठवल्या नसत्या. आणि घरात तर पुनर्विवाहित बायकोच! तिची सख्खी बहीण पार्वतीबाई आठवले केशवपन केलेली, म्हणून ती आश्रमाचा आधारस्तंभ झाली. एकाच आईच्या दोन लेकी, दोघीही विधवा झालेल्या. त्यांच्या वाट्याला आलेल्या जागा मात्र अशा वेगळ्या.

मुले मात्र वाढली, आणि कशी! रघुनाथ म्हणजे र. धों. कर्वे, 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवणारे, संततिनियमनासाठी नोकरीवर पाणी सोडणारे. शंकर डॉक्टर होऊन मोंबासाला गेला. दिनकर रसायनशास्त्राचा प्राध्यापक, पुढे फर्ग्युसनचा प्राचार्य झाला. भास्करने हिंगण्याचीच संस्था सांभाळली. बर्लिनची डॉक्टरेट घेऊन आलेल्या इरावती कर्वे बायाची सून. जाई निंबकर आणि गौरी देशपांडे, दोघी लेखिका, तिच्या नाती. बाया गेली तेव्हा गौरी आठ वर्षांची होती. आठव्या वर्षी विधवा झालेल्या बाईने आपल्याच घरात आठ वर्षांची ही नात खेळताना पाहिली.

आता तुझ्या कामाची गोष्ट. अण्णांचे 'आत्मवृत्त' १९१५ मध्येच आले होते. बायाची बाजू यायला १९४४ उजाडले, आणि तीही आली कारण भास्करची पत्नी कावेरी कर्वे हिने हे काम अंगावर घेतले. सुनेने सासूचे आयुष्य कागदावर उतरवले, त्यातला नवऱ्यावरचा राग न वगळता. पुढे मुलगा दिनकर याने आईची ही कहाणी इंग्रजीत आणली, १९६३ मध्ये 'द न्यू ब्राह्मन्स' या पुस्तकात. वडिलांना भारतरत्न मिळून तेव्हा पाच वर्षे झाली होती, आणि तरीही आईचे गाऱ्हाणे त्याने झाकून ठेवले नाही. मला या घराचे सगळ्यात कौतुक वाटते ते याचेच.

म्हणून सांगते, आजीच्या पुस्तकासाठी आता आणखी कुणाकडून लेख मागवू नकोस. दुपारी तिचा डोळा लागून झाला की वही घेऊन तिच्याजवळ बस. स्वयंपाक कसा करायचीस हे सगळेच विचारतात. तू तिला पैशांचे विचार: हातात किती यायचे, कोण द्यायचे, कुणापुढे हात पसरावा लागला, तिच्या बांगड्या कशासाठी मोडल्या. आजोबांचा राग आला असेल तर तोही लिहून घे, आणि मामांनी काढायला सांगितला तरी काढू नकोस. दिवाळीच्या आत सुरुवात कर. नव्वदीची माणसे वाट पाहत नाहीत.

तुझी,
मावशी