गावरान अंडं कुणाच्या ताटात?

ओपीडीत मला अंड्यांबद्दल दोन प्रकारचे प्रश्न येतात. शहरात राहणारे पेशंट विचारतात, "डॉक्टर, गावरान अंडं जास्त पौष्टिक असतं ना?" आणि ज्यांच्या दारात गावरान कोंबड्या फिरतात, ते मुलाचं वजन वाढावं म्हणून प्रोटीन पावडरचं नाव विचारतात. हे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून आज त्यांच्याविषयी एकत्रच लिहितो.

एक आजी दोन वर्षांच्या नातीला घेऊन आल्या होत्या. मुलीचं वजन भरलं ८.६ किलो. या वयाच्या मुलीचं वजन साधारण साडेअकरा किलो असतं, आणि ९ किलोच्या खाली गेलं की ते कमी वजन धरतात. खाण्यात काय असतं विचारलं. चहा-बिस्कीट, भात, पातळ डाळ. बोलता बोलता कळलं, घरी आठ कोंबड्या आहेत.

"आजी, मग अंडी कोण खातं?"

"अंडी बाजारात जात्यात डाक्टर. पंधरा रुपयाला एक. त्यावर तर तेल-मीठ भागतंय."

यात आजींना दोष देण्यासारखं काही नाही. अनेक घरांत अंड्यांचा पैसा हा बाईच्या हातात येणारा एकमेव रोख पैसा असतो. मी एवढंच म्हटलं, "गावरान अंडी विका, पण त्यातल्याच पैशातून नातीसाठी पोल्ट्रीची अंडी घ्या. एकाच्या किमतीत दोन येतील." आजी हसल्या. "पोल्ट्रीच्या अंड्यात काय दम असतोय?"

खरी अडचण इथे आहे. गावरान अंड्यात काहीतरी जादू आहे, असं शहरातला माणूस मानतो आणि जास्त पैसे देतो. तेच मानून आजी पोल्ट्रीचं अंडं नाकारतात. मधल्या मध्ये मुलीला कुठलंच अंडं मिळत नाही.

आता शास्त्र पाहू. ५० ग्रॅमच्या अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात, शिवाय बी१२, अ जीवनसत्त्व आणि मेंदूच्या वाढीला लागणारं कोलीन. गावरान अंडं आकाराने लहान, त्यामुळे एका अंड्यामागे प्रथिनं थोडी कमीच. बलक गर्द पिवळा दिसतो तो कोंबडीने खाल्लेल्या हिरव्या पाल्यामुळे आणि मक्यामुळे. कवचाचा रंग ठरतो जातीवरून. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीच्या अंड्यात काही जीवनसत्त्वं आणि ओमेगा-३ थोडं जास्त असू शकतं, पण वाढत्या मुलासाठी हा फरक किरकोळ आहे. चव वेगळी लागते, हे मात्र मान्य. एक गोष्ट लक्षात ठेवा: अंड्यातलं लोह शरीरात फारसं शोषलं जात नाही. मुलाला रक्त कमी असेल तर अंडं हा लोहाच्या औषधाला पर्याय नाही.

अंड्याने वाढ खरंच सुधारते का? इक्वेडोरमधल्या एका अभ्यासात ६ ते ९ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडं दिलं, तेव्हा खुजेपणाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. मलावीतल्या तशाच अभ्यासात मात्र उंचीत फरक दिसला नाही. म्हणजे अंडं हे औषध नाही, चांगलं अन्न आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळाच्या आहारात रोज अंडं, मासे किंवा मटण-चिकन असं काहीतरी असावं.

आजींनी शेवटी मधला मार्ग काढला. आठवड्याला चार अंडी नातीची, बाकी बाजारात. सोबत जंताचं औषध दिलं, पातळ डाळीऐवजी तेल-तूप घातलेली घट्ट खिचडी सुरू केली. चार महिन्यांनी वजन ९.७ किलो झालं. श्रेय एकट्या अंड्याचं नाही.

पण कोंबड्या पाळण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. इथिओपियात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असं दिसलं की कोंबड्या असलेल्या घरांतली मुलं वाढीत बरी होती. पण जिथे कोंबड्या रात्री राहत्या घरातच ठेवत, तिथे हा फायदा दिसेना. रांगतं मूल जमिनीवरची विष्ठा हाताने तोंडात नेतं. त्यातले साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टरसारखे जंतू जुलाब घडवतात, आणि वारंवारच्या जुलाबाने खाल्लेलं अंगी लागत नाही. मुंगूस, रानमांजर आणि चोरांच्या भीतीने आपल्याकडेही डालगं घरात आणतात, ही भीती खरी आहे. तरीही बारीक जाळीचं, कडी लागणारं खुराडं घराबाहेर करा. मूल खेळतं ती जागा रोज झाडा. कोंबड्या, अंडी हाताळल्यावर साबणाने हात धुवा.

पैलवानी थाटात मुलांना कच्चं अंडं दुधात देऊ नका. जंतूंचा धोका तर आहेच, शिवाय शिजवलेल्या अंड्यातली सुमारे ९० टक्के प्रथिनं शरीराला मिळतात, कच्च्यातली जेमतेम निम्मी. पिवळा घट्ट होईपर्यंत उकडा.

मांसाचंही तसंच. "ब्रॉयलरला हार्मोनचं इंजेक्शन देतात" हा समज चुकीचा आहे. सहा आठवड्यांत दोन किलोचा पक्षी होतो तो निवडक पैदाशीमुळे आणि खाद्यामुळे. खरी काळजी अँटिबायोटिकच्या बेसुमार वापराची आहे. म्हणूनच २०१९ मध्ये सरकारने खाद्यासाठीच्या जनावरांत कोलिस्टिन वापरायला बंदी घातली. घरगुती पालनातही हे घडतं. कोंबडी पेंगायला लागली की माणसांची कॅप्सूल फोडून पाण्यात टाकतात. मानमोडी विषाणूमुळे होते, कॅप्सूलने बरी होत नाही. तिची लस जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

एकदम अनेक कोंबड्या मेल्या तर त्या कापून खाऊ नका, ओढ्यात फेकू नका, उघड्या हाताने उचलू नका. दवाखान्याला कळवा. २००६ मध्ये नवापूरला आणि २०२१ मध्ये परभणीजवळ मुरुंब्याला बर्ड फ्लू सापडला होता. नीट शिजवलेल्या मांसातून तो होत नाही, धोका आजारी पक्षी हाताळताना असतो.

आता थोडा हिशेब. गावरान कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ७० अंडी घालते. आठ कोंबड्यांची किमान ४०० धरा. आठवड्याला चार म्हणजे एका लेकराची वर्षाची २०८. उरलेली बाजाराला आणि खुडूक कोंबडीखाली ठेवायला. दारात कोंबड्या असतील, तर पावडरच्या डब्याआधी हा हिशेब करून पाहा.