वळणावरची घरघर

घर सांभाळणाऱ्या बाईचे कान तयार असतात. मिक्सरमध्ये खडा गेला की आवाजावरूनच कळतं, कुकरची शिटी अडकली तरी दुसऱ्या खोलीतून कळतं. गाडीच्या बाबतीत मात्र आपण "कसलातरी आवाज येतोय" एवढंच सांगतो आणि पुढचं गॅरेजवर सोडून देतो. तिथेही तेच कान लावले, तर पैसे वाचतात. आमच्या भागात तर जिवाचा घोरही वाचतो.

आम्ही अहेरीला राहतो. सासूबाईंच्या डोळ्यांच्या उपचारासाठी दर महिन्याला चंद्रपूर गाठावं लागतं. आलापल्ली, आष्टी, गोंडपिपरी, बल्लारपूर असा शंभर किलोमीटरच्या वरचा रस्ता. सूर्यास्ताआधी जेवणारं आमचं घर, त्यामुळे परतीची घाई असतेच. मध्ये जंगल लागतं, मोबाइलची रेंज जाते आणि समोरून सुरजागडचं लोहखनिज नेणारे अवजड ट्रक येत असतात. अशा ठिकाणी चाकाने दगा दिला, तर डोळ्यावर पट्टी असलेल्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन थांबायचं कुठे? म्हणून दिवाळीनंतर वळणावर घरघर ऐकू यायला लागली, तेव्हा ती कानाआड करणं शक्यच नव्हतं.

एका ठिकाणी गाडी न चालवताच सांगण्यात आलं, "दोन्ही ॲक्सल बदला." खर्च ऐकून हे गप्प झाले. चंद्रपूरच्या ओळखीच्या मिस्त्रीभाऊंनी मात्र आधी मलाच प्रश्न केला, "वहिनी, आवाज कुठून येते ते मी पाहतो. कधी येते ते तुम्ही सांगा."

खरी मेख याच प्रश्नात आहे. वळताना येणारे आवाज वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाची वेळ ठरलेली असते.

स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू पुढे घेताना "टक-टक-टक" आलं, तर संशय ॲक्सलच्या बाहेरच्या सीव्ही जॉइंटवर. ॲम्बॅसेडर आणि पद्मिनीमध्ये इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जायची, त्यामुळे पुढच्या चाकांना हा जॉइंट नसायचा. १९८३ साली मारुती ८०० आली आणि पुढची चाकं ओढणारी गाडी घरोघरी पोचली. तीच चाकं वळतात आणि तीच गाडी ओढतात, म्हणून हा जॉइंट लागतो. त्यावरचं रबरी बूट फाटलं की ग्रीस बाहेर उडतं आणि धूळ आत जाते. फाटलेलं बूट वेळेत दिसलं, तर बूट आणि ग्रीस बदलून भागतं. टकटक सुरू झाली, की सहसा जॉइंटच बदलावा लागतो.

पत्र्यावर पत्रा घासल्यासारखी कर्कश खरखर आली, तर ब्रेक डिस्क आणि तिच्यामागचा पातळ पत्रा यांच्यात खडा अडकलेला असू शकतो. गिट्टीच्या रस्त्यावर हे होतंच. गाडी उभी असताना नुसतं स्टिअरिंग फिरवल्यावर करकर आली, तर शॉकॲब्सॉर्बरच्या वरचं बेअरिंग पाहायचं. तेलावर चालणारं पॉवर स्टिअरिंग असेल, तर कण्हल्यासारखा आवाज तेल कमी झाल्यावरही येतो.

आमचा आवाज यातला एकही नव्हता. सावकाश वळताना काहीच नाही. ४०–५० च्या वेगाने डावीकडच्या लांब वळणावर गाडी गेली, की जातं फिरल्यासारखी घरघर वाढायची आणि उजव्या वळणावर कमी व्हायची. डावीकडे वळताना गाडीचं वजन उजव्या चाकांवर येतं. म्हणजे रोख उजव्या चाकाच्या बेअरिंगवर होता. डांबर बदलल्यावर आवाज बदलला असता, तर आधी टायर पाहिले असते.

मिस्त्रीभाऊंनी तरी नुसत्या तर्कावर भागवलं नाही. सपाट जागी मागच्या चाकांना दगड लावले, पुढची बाजू जॅकने उचलली आणि खाली भक्कम घोडी ठेवली. चाक वर-खाली धरून हलवलं, तर किंचित खुळखुळलं. मग हाताने फिरवून दुसरा हात स्प्रिंगवर बाहेरून ठेवायला सांगितला. डाव्या चाकाची स्प्रिंग शांत होती. उजवीच्या स्प्रिंगमध्ये बारीक थरथर हाताला लागली.

कारणही सापडलं. पावसाळ्यात आमच्या गल्लीत पाणी चढलं होतं आणि गाडी दोन दिवस अर्ध्या चाकापर्यंत पाण्यात उभी होती. सील थोडं जरी झिजलेलं असलं, तरी पाणी आत शिरतं, ग्रीस खराब होतं आणि गोळ्यांना गंज धरतो. आवाज मात्र काही महिन्यांनी येतो. भामरागडला पर्लकोटेचा पूर पुलावर येतो, तिकडच्या गाडीवाल्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आमच्या गाडीत ते बेअरिंग दाबून बसवावं लागतं. ते प्रेसवरच बसवून घ्या, हातोडीने ठोकू देऊ नका. ठोकलेलं नवं बेअरिंगही लवकर घरघरतं. एबीएस असेल, तर बेअरिंगची बाजू उलटी होत नाही ना, हे विचारा. ॲक्सलचा नट नवा लावायला सांगा आणि तो ठरलेल्या मापानेच आवळायला सांगा. सगळं मिळून अर्ध्या दिवसाचं काम झालं, ॲक्सल दोन्ही जुनेच राहिले.

आता सासूबाईंच्या औषधांच्या वहीत मागच्या पानावर मी गाडीचंही लिहून ठेवते: आवाज कोणत्या वळणावर, किती वेगात, ब्रेक दाबल्यावर वाढतो की कमी होतो, पाण्यातून गेल्यावर सुरू झाला का. तुम्हीही चार ओळी लिहा आणि मिस्त्रीला त्याच रस्त्याने चक्कर मारायला लावा. चाक डगमगत असेल किंवा चाकाजवळून जळका वास आणि धग येत असेल, तर मात्र वही बाजूला ठेवा. गाडी तिथेच थांबवा आणि मिस्त्रीला बोलवा. रेंज नसेल, तर येणाऱ्या बसला हात करा. आपल्याकडे एसटी थांबते.