गढी शेवटी

पहाटे साडेपाचला इंदापूरच्या स्टँडजवळ आमची सहलीची सतरा सीटर उभी असते. मंडळी डबे, शाली, गोळ्यांच्या पिशव्या सांभाळत चढतात. सगळे बसले की मी एकच प्रश्न विचारतो, "कऱ्हा कुठं संपते?"

बारा वर्षं हा प्रश्न विचारतोय. "बारामतीत," असं उत्तर बहुतेक वेळा येतं. मग मी सांगतो, की बारामतीच्या खाली सोनगावला कऱ्हा नीरेला मिळते, आणि नीरा आपल्याच तालुक्याच्या टोकाला, नरसिंहपूरला, भीमेत उतरते. पुरंदरच्या डोंगरात पडलेला पाऊस अखेर आपल्या दारात येतो. आज आपण त्या पाण्याच्या उलट्या वाटेनं चाललोय, खालून वर. एवढं बोलून मी गप्प बसतो.

गप्प बसणं हे या कामात शिकायला सगळ्यात अवघड गेलं. निमगाव केतकी, बेलवाडी, सणसर, काटेवाडी हा रस्ता म्हणजे तुकोबांच्या पालखीचा मार्ग, फक्त आपण तो उलटा धरतो. गाडीतल्या निम्म्या लोकांनी तो पायी तुडवलेला असतो. त्यांना बेलवाडीच्या रिंगणाबद्दल मी काय सांगणार? सुरुवातीला सांगायचो. पाठ केलेलं, तोंडावर बसलेलं. एकदा मागच्या सीटवरच्या एका धनगर बाबांनी हात वर केला आणि म्हणाले, "सर, मी बोलू का?" काटेवाडीत पालखीच्या रथाभोवती मेंढ्या धावतात, त्यात पूर्वी त्यांच्या घरची मेंढरं असत. मेंढरू वर्तुळात एकटं धावत नाही, पुढच्याची शेपूट बघून धावतं, म्हणून पहिली मेंढी नीट निवडावी लागते, आणि ती आदल्या दिवशी फार चारायची नाही, असं ते सांगत होते. गाडी शांत झाली होती. तेव्हापासून या पट्ट्यात माईक मी मागे देतो. कोणाला बोलतं करायचं, हे मात्र चढतानाच हेरून ठेवावं लागतं.

बारामतीत एकच थांबा, बाबूजी नाईकांचा वाडा. कऱ्हेच्या काठावरच्या त्या तटाखाली उभं राहून मी मोरोपंतांचं नाव घेतो. १७२९ ला पन्हाळ्यावर जन्मलेला हा माणूस बारामतीत नाईकांच्या आश्रयाला आला, पुराण सांगत राहिला, १७९४ ला इथंच गेला. ‘केकावली’ ज्यांनी शाळेत घोकली ते आजोबा इथं एकदम ताठ होतात. पण मला दाखवायचं असतं ते पात्र. उन्हाळ्यात बघितलं तर ही नदी कोणाचं काय बिघडवेल असं वाटत नाही, आणि २०१९ च्या सप्टेंबरात याच पात्रानं बारामतीतल्या हजारो लोकांना रात्रीतून घर सोडायला लावलं. वर डोंगरात ढग फुटले, नाझरे धरणातून पाणी सोडावं लागलं, आणि खाली पूर आला. वरचं खालच्याला कसं भोगावं लागतं, हे वाड्यापाशी उभं राहून कळतं तसं गाडीत बसून कळत नाही.

पुढं ऊस संपतो. हा बदल खिडकीतून बघायला मी सगळ्यांना उठवतो, झोपलेल्यांनासुद्धा. कालव्याचं हिरवं मागं पडतं आणि सुप्याचा माळ सुरू होतो: मुरूम, कुसळं, बाभळी, आणि नशीब असेल तर मयूरेश्वर अभयारण्याच्या बाजूला एखादं चिंकारा. सुपे, इंदापूर, पुणे हा भोसल्यांच्या जहागिरीचा मुलूख. १६५६ मध्ये शिवाजीराजांनी सुपे आपल्या सावत्र मामाकडून, संभाजी मोहित्यांकडून काढून घेतलं. एवढंच सांगतो. माळ जास्त बोलू देत नाही.

मोरगाव आणि जेजुरी या दोन ठिकाणी माझं काम फक्त वेळ सांभाळायचं. तिथं माणसं देवाकडे आलेली असतात, माझ्याकडे नाही. एकच गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ती नेहमी चुकते: जेजुरीच्या वरच्या डोंगरावरचं खंडोबाचं जुनं ठाणं ते कडेपठार, आणि नदीच्या नावानं ओळखला जाणारा हा सगळा उंच मुलूख तो कऱ्हेपठार. सोमवती अमावास्येला खंडोबाची पालखी अंघोळीला कऱ्हेवरच उतरते, म्हणजे देवसुद्धा या नदीचाच.

सासवडला संगमेश्वराच्या पायऱ्यांवर मात्र चाळीस मिनिटं. डबे तिथंच सोडतो. सोपानकाकांची समाधी जवळ. जवळच्याच कोडीतला जन्मलेल्या अत्र्यांनी आपल्या आत्मचरित्राला याच नदीचं नाव दिलं, हे सांगितलं की मागच्या बाकावरचे शिक्षक हसतात, त्यांना ‘कऱ्हेचे पाणी’चे खंड आठवतात. इथं नदी अरुंद आहे, घरातल्या लेकीसारखी. सकाळी बारामतीत बघितलेली तीच ही, हे माणसं आपसांत बोलायला लागतात.

आणि मग पुरंदर.

माझी मोठी चूक याच गडाच्या पायथ्याशी झाली. तेव्हा मी दिवसाची सुरुवात इंदापुरातल्या मालोजीराजांच्या गढीपासून करायचो. क्रमानं जायचं, आधी पणजोबा, मग पणतू संभाजीराजे, असा माझा हिशोब. इंदापूरच्या लढाईत मालोजीराजे पडले, हे सांगता सांगता मी पाऊण तास घेतला. मंडळी जांभया देत होती. रोजच्या बाजाराची वाट, तिथली गढी, त्यात त्यांना नवं काय? तो पाऊण तास दिवसभर भरून निघाला नाही. जेजुरीत गर्दी, सासवडला जेवण लांबलं, आणि आम्ही वर पोचलो तेव्हा दार बंद झालं होतं. गड लष्कराच्या ताब्यात आहे, ओळखपत्र दाखवून ठरलेल्या वेळेतच आत सोडतात. नियम मला ठाऊक होता.

गाडीत एक आजी होत्या. त्यांनी पिशवीतून खण, नारळ, तांदूळ काढून हातात धरले होते. सईबाईंची ओटी भरायची होती त्यांना. १४ मे १६५७ ला इथं सईबाईंच्या पोटी संभाजीराजे जन्मले, आणि बाळाला दूध पाजायला कापूरहोळची धाराऊ आणावी लागली, हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं. सईबाई ओली बाळंतीण, म्हणून त्या भेटीला आल्या होत्या, साडेतीनशे वर्षं उशिरा. परतताना त्यांनी ती ओटी खाली नारायणपूरला नारायणेश्वरापुढे ठेवली. मला एक शब्द बोलल्या नाहीत. मी पुढच्या सीटवर बसून रस्ता बघत राहिलो.

पुढच्या सहलीला मी क्रम उलटा केला. आता दुपारी अडीचला आम्ही गडावर असतो, काही झालं तरी. जेवण आटोपशीर, जेजुरीत खरेदी नाही. वर गेल्यावर मुघलांच्या वेढ्यात गड लढवणाऱ्या मुरारबाजीचं सांगतो. वज्रगड हातचा गेला, तिथून तोफा इकडं लागल्या, आणि ११ जून १६६५ ला मिर्झाराजे जयसिंगांशी तह होऊन २३ किल्ले द्यावे लागले. जिथून वज्रगड नीट दिसतो तिथंच उभं करून सांगतो. हाताचा पंजा नुसता समोर केला की पुरे होतं, आवाज चढवावा लागत नाही. मग सगळ्यांना पूर्वेकडे तोंड करून बसवतो. आपण कुठून आलो ते दाखवतो. स्वच्छ हवेत कऱ्हेचं खोरं उलगडत खाली जातं आणि धुरकट होऊन संपतं. तिथं पुढं कुठंतरी आपली शेतं.

उतरताना सासवडला सीताफळं किंवा अंजिरं घेतो, हंगाम असेल ते. मग अंधारात परत. बारामतीनंतर बहुतेक झोपतात.

रात्री इंदापुरात शिरल्यावर गाडी स्टँडवर जात नाही. गढीपाशी थांबते. ड्रायव्हरमामा इंजिन बंद करतात. मी सांगतो, "दुपारी ज्यांचं जन्मस्थान बघितलं, त्यांचे पणजोबा या गावच्या लढाईत पडले." एवढंच.

गेल्या फेरीला बचत गटाच्या बायका होत्या. त्यातली एक रोज भाजीचं टोपलं घेऊन याच गढीशेजारून मंडईत जाते. ती उतरली, चपला बाजूला काढल्या, भिंतीला हात लावून उभी राहिली. मग दुसरी उतरली. मामांनी हेडलाइट लावला नाही. निमगावला सोडायच्या चौघी होत्या, त्यांच्या घरून फोन येत होते, तरी पंधरा मिनिटं मी कोणाला गाडीत बसा म्हणालो नाही.