रापणीचा वाटा

कोकण रेल्वे यायच्या आधीचं मालवण पाहिलेल्यांना ती एसटीची रातराणी आठवत असेल. रात्रभर घाटांतून हेलकावे खात सकाळी मालवणात उतरायचं आणि कुणाच्या तरी ओळखीची चिठ्ठी घेऊन देवबाग गाठायचं. राहायची सोय म्हणजे कुणाच्या तरी घरची पडवी. पायरी चढताच पुढ्यात गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी यायचं. मागोमाग चौकशी, "खंयसून इलास? गाव खंयचा?" दूरचं का होईना, एखादं नातं नाहीतर ओळखीचं माणूस निघेपर्यंत ती थांबायची नाही. तोवर आत बांगड्याच्या आमटीला कढ आलेला असायचा. तिरफळांच्या काळ्या बिया काढून फक्त सालं घालायची, हे चुलीपाशी बसलेल्या आजीच सांगायच्या.

सकाळी किनाऱ्यावर रापण ओढायला निम्मी वाडी जमलेली असे. होडीतून अर्धवर्तुळात टाकलेल्या जाळ्याचे दोर दोन्ही टोकांनी वाळूत पाय रोवून ओढायचे. आम्ही बघत उभे राहिलो की हाक यायची, "वायच दोरयेक हात लावा!" तळहात सोलवटून निघत. जाळं वाळूवर आलं की तारल्या आणि बांगडे उडत असायचे. वाटे पडू लागले की दोराला हात लावणाऱ्या पाहुण्यांच्या ओंजळीतही मासळी पडायची. पैसे काढले तर रापणकरांना ते आवडत नसे.

पुढे 1997 मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, 1998 मध्ये रेल्वे पूर्ण धावू लागली, 2021 मध्ये चिपी विमानतळावरून प्रवासी विमानसेवा सुरू झाली. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्कुबा सुरू झालं. पडव्यांच्या जागी खोल्या झाल्या, निवास-न्याहारीच्या पाट्या लागल्या. हे फार चांगलं झालं. जिथं घरटी एक तरी माणूस मुंबईला नोकरीला जायचा, तिथं आता घरच्या बाईच्या हाताला, तिच्या घावण्यांना आणि वडे-सागोतीला मोल आलं. रापणी मात्र कमी झाल्या. पर्ससीन जाळी टाकणाऱ्या मोठ्या नौकांनी किनाऱ्याजवळची मासळी पळवली, ही रापणकरांची व्यथा खरी आहे.

हरवली ती सवड. पाहुण्यांना दोन दिवसांत किल्ला, डॉल्फिन, स्कुबा आणि खरेदी उरकायची असते. यजमानांनाही दुपारी एक खोली रिकामी करून संध्याकाळच्या मंडळींसाठी झाडायची असते. बोलणं होतं ते जेवणात काय हवं, एवढंच.

पण माणसं तीच आहेत. अलीकडे देवबागला पावसानं वीज गेली, तेव्हा यजमानीणबाई खुर्ची ओढून खळ्याच्या कडेला बसल्या आणि सासऱ्यांच्या रापणीच्या गोष्टी सांगत राहिल्या. निघताना बिलात न धरता कोकमाच्या आगळाची बाटली हातात दिली. नको म्हटलं तर रागावल्या.

कोकणी माणूस आजही मनापासून बोलतो, त्याला ऐकणारा हवा. म्हणून पुढच्या खेपेला एक मुक्काम वाढवा, त्या दिवशी काहीही ठरवू नका आणि यजमानांना त्यांच्या घराबद्दल, शेताबद्दल, गावच्या देवाबद्दल आपणहून विचारा.