निकाल आधीच ठरलेला असताना

गेले दोन वीकेंड एका बाईंनी खाल्लेत. दिना कामिन्स्काया. मॉस्कोतल्या फौजदारी वकील. त्यांच्या आठवणींचं 'फायनल जजमेंट' हे पुस्तक १९८२ साली इंग्रजीत आलं. मला ते परवा सापडलं, जुन्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यात. शनिवारी चहा घेता घेता सहज उघडलं आणि धुतलेले कपडे मशीनमध्येच राहिले!

बाईंचा जन्म १९१९ चा, येकातेरिनोस्लावचा. म्हणजे आजच्या युक्रेनमधलं द्निप्रो. ज्यू कुटुंब. १९४० साली त्या मॉस्कोच्या वकीलसंघात आल्या आणि ३७ वर्षं वकिली केली. स्टालिन पाहिला, १९५३ साली ज्यू डॉक्टरांवर रचलेलं किटाळ पाहिलं, ख्रुश्चेव्ह, ब्रेझनेव्ह... सगळे पाहिले.

मला सगळ्यात भिडली ती राजकारणाशी संबंध नसलेली एक केस. मॉस्कोजवळच्या गावात एका मुलीचा मृत्यू होतो, आरोप येतो दोन अल्पवयीन पोरांवर. चौकशीत पोरांनी गुन्हा कबूल केलेला, नंतर नाकारलेला. संपलंच की! पण कामिन्स्काया आणि त्यांचे सहकारी तो कबुलीजबाब ओळीओळीने तपासत बसतात, आपण रात्री दोनला लॉग वाचतो ना, तसं. केस लांबत जाते आणि शेवटी पोरं निर्दोष सुटतात. सोव्हिएत कोर्टात!

राजकीय खटल्यांत असं घडत नसे. १९६७ मध्ये त्यांनी व्लादिमीर बुकोव्स्कीचा बचाव केला. गुन्हा काय, तर पुश्किन चौकात निदर्शनं. शिक्षा तीन वर्षं. ऑगस्ट १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात रणगाडे घुसले, त्याचा निषेध म्हणून आठ जण लाल चौकात काही मिनिटं बसले. त्यांच्यातल्या पावेल लित्विनोव्हच्या वकील याच. त्याला पाच वर्षं हद्दपारी. अशा केसमध्ये वकिलाने 'अशील चुकला, दया करा' म्हणावं अशी अपेक्षा असे. बाई उभ्या राहून सांगत, की कायद्यानुसार इथे गुन्हाच घडलेला नाही. हे बोलणं स्वस्त नव्हतं. बोरिस झोलोतुखिन या वकिलांनी १९६८ मध्येच आपल्या अशिलाला निर्दोष सोडा म्हटलं, तर पक्षातून आणि वकीलसंघातून त्यांची हकालपट्टी झाली.

आता त्यांचा एक शब्द सांगतो. 'दोपुस्क'. आपल्या भाषेत ॲक्सेस. केजीबीने तपास केलेल्या केसमध्ये उभं राहायला वकिलाला ही खास परवानगी लागे. कायद्यात ती कुठेच नव्हती. उलट १९३६ च्या राज्यघटनेचं कलम १११ आरोपीला बचावाचा हक्क देत होतं. १९७१ मध्ये बुकोव्स्की पुन्हा पकडला गेला, त्याला याच बाई हव्या होत्या. दोपुस्क नाकारला. १९७७ मध्ये त्या अनातोली श्चारान्स्कीच्या बचावाला तयार झाल्या, तर वकीलसंघातूनच बाहेर. अटकेची टांगती तलवार होती. त्याच नोव्हेंबरमध्ये नवऱ्यासह देश सोडावा लागला.

इथे मी अडकलो. निकाल ठरलेलाच आहे, तर वकील कोण याची एवढी धास्ती कशाला? बोलू द्या की बाईंना!

उत्तर टाइपरायटरमध्ये आहे. खटल्यांतली भाषणं लोक कार्बन घालून टाइप करायचे आणि प्रती हातोहात फिरायच्या. लाल चौकात तान्ह्या मुलाला घेऊन गेलेल्या नताल्या गोर्बानेव्स्कायाने त्या खटल्याचा सगळा वृत्तान्त जमवून ठेवला. वाचणाऱ्याला कळायचं, की सरकारने स्वतःच लिहिलेल्या कायद्याने ही माणसं गुन्हेगार ठरत नाहीत. निकाल फिरला नाही, पण त्या निकालाला कोणी खरा मानेना. भीती याचीच असणार.

हे वाचताना मला उगाचच मागच्या महिन्यातली रिलीजची मीटिंग आठवली. टेस्टिंग अर्धवट होतं, मला माहीत होतं. तारीख वरून आलेली. 'बोलून काय होणार?' म्हणून गप्प बसलो. माझ्यावर कसली अटक येणार होती? फार तर अप्रेझलमध्ये एखादी ओळ.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपला. बाई त्यानंतर पंधरा वर्षं जगल्या. २००६ मध्ये अमेरिकेत गेल्या, ८७ व्या वर्षी.

सोमवारी एक मेल लिहायचा आहे. उशीर झालाय, दोनच ओळींचा आहे, पण लिहून ठेवतो.

चला, कपडे वाळत घालतो.