झाबुआतले एकवीस दिवस

इंदूरहून अहमदाबादच्या रस्त्याला लागलं, की धार आणि सरदारपूर मागे पडतात, माछलियाचा घाट येतो आणि माळव्याची सपाट काळी जमीन संपून उघड्या टेकड्या सुरू होतात. साधारण दीडशे किलोमीटरवर झाबुआ. आपल्यापैकी बहुतेकांना ते होळीआधीच्या भगोरिया हाटापुरतंच ठाऊक असतं. आम्ही गेलो ते अंड्यांसाठी.

आठ वर्षांच्या लेकीला अंड्यातून पिल्लू निघताना घरीच बघायचं होतं. दुकानातल्या अंड्यांतून ते होत नाही, कारण त्या कोंबड्यांबरोबर कोंबडा ठेवलेला नसतो. उबवणी यंत्राची माहिती मी काढून ठेवली होती : तापमान ३७.५ अंश, आर्द्रता ५० ते ५५ टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. अंडी मात्र कडकनाथची हवीत, असा लेकीचा हट्ट. पिसं, तुरा, जीभ, मांस, सगळं काळं. म्हणून इकडचे लोक तिला कालामासी म्हणतात. २०१८ मध्ये तिच्या मांसाला झाबुआच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळालं. धोनीनेही आपल्या रांचीच्या फार्मसाठी इथूनच २,००० पिल्लं मागवली होती.

भिल्लांची घरं एकमेकांना चिकटून नसतात. प्रत्येकाचं घर आपल्या शेतात, आपल्या टेकाडावर. अशा काही घरांचा मिळून एक फलिया. ऑफिसमधल्या एका मित्राच्या ओळखीने आम्ही अशाच एका घरी पोचलो. तिथल्या आजींनी पडवीतली टोपली दाखवली. पेंढ्यावर एक तांबडी गावठी कोंबडी पिसं फुगवून खुडूक बसली होती.

"ही तर काळी नाहीये!" लेक म्हणाली.

पोटाखालची अंडीही काळी नव्हती, फिकट बदामी होती. आजी हसल्या. कडकनाथ अंडी देते, पण रवणाला नीट बसत नाही. म्हणून तिची अंडी गावठी कोंबडीखाली ठेवायची. दहा-बारा अंडी तिच्या पंखांखाली आरामात मावतात.

मी मापं घेऊन गेलो होतो आणि समोर ती सगळी मापं पिसांत बसलेली होती. कोंबडी दिवसातून अनेकदा चोचीने अंडी फिरवते, म्हणजे आतला जीव कवचाला चिकटत नाही. दाणापाण्यासाठी थोडा वेळ उठते, तेवढ्यात अंड्यांना हवा लागते. आजींच्या नातवाने आठ दिवसांचं एक अंडं मोबाईलच्या टॉर्चवर धरलं. आत लाल शिरांचं जाळं आणि मधे हलणारा काळा ठिपका. लेक बराच वेळ काही बोललीच नाही.

मग आजींनी विचारलं, "पिल्लं निघाल्यावर राहतील कुठे?"

पहिल्या आठवड्याचं उत्तर माझ्याकडे होतं : खोकं, बल्ब, ३५ अंशांच्या आसपास ऊब, पुढे दर आठवड्याला थोडी कमी. त्यांचा प्रश्न तिसऱ्या महिन्याचा होता. निम्मे तरी कोंबडे निघणार. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. इथे कोंबडे हाटात जातात, हेही त्यांनी लेकीसमोर सरळ सांगितलं. तिचे डोळे भरले, पण "का?" हेही तिने त्यांनाच विचारलं आणि त्यांनी तिला जवळ बसवून सांगितलं : घरचं मीठ-तेल त्यातूनच येतं.

आम्ही अंडी इंदूरला आणली नाहीत. सहा अंडी विकत घेतली आणि तिथेच दुसऱ्या खुडूक कोंबडीखाली ठेवली. लेकीने कॅलेंडरवर एकवीस घरं रंगवली आणि एकविसाव्या दिवशी आम्ही पुन्हा त्या पडवीत होतो. चार अंड्यांना तडे गेले होते. पिल्लू चोचीवरच्या बारीक टोकाने कवच फोडतं, दमतं, तासन्‌तास थांबतं, पुन्हा फोडतं. मदत करायला लेकीचा हात पुढे झाला, तर आजींनी तो धरला. आतल्या शिरांतलं रक्त आणि उरलेला बलक अंगात जिरेपर्यंत घाई करायची नसते. संध्याकाळी पाठीवर गडद पट्टे असलेली तीन ओली पिल्लं तांबड्या आईच्या पंखाखाली शिरली. चौथं रात्री निघालं, असा फोन आला.

मुलांना हे जरूर दाखवा. यंत्र घरपोच मिळतं, एकवीस दिवसही भराभर जातात. पण अंडी ठेवण्याआधी बाविसाव्या दिवसाचं अंगण शोधून ठेवा. आमचं झाबुआत आहे.